धुतलेला कचरा

शनिवार, ८ फेब्रुवारी
दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. या नावाने हाक मारायचा हक्क माझ्याकडे उरलाय की नाही, माहीत नाही, पण दुसरं काही लिहायला हात वळेना. तुझी तब्येत बरी असेल. लेक कॉलेजात गेला असेल. तुझ्यासारखा ताडमाड झाला असेल तर बिचारा दाराच्या चौकटींवर डोकं आपटत असेल.

माझं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून ऐकतात. कागद पाठकोरा आहे म्हणून नाक मुरडू नकोस. एका बाजूने लिहिलेला कागद टाकायचा नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे. मागे काय लिहिलंय ते मात्र पत्र संपल्यावर वाच.

गट म्हणजे कालव्याकाठचा कचरा उचलणारी आम्ही दहा-अकरा मंडळी. दर रविवारी सकाळी सातला पुलाजवळ जमायचं, हातमोजे चढवायचे, चिमटा आणि पोतं घेऊन चालू पडायचं. हे गेल्यावर वर्षभराने मी जायला लागले. आमचा म्होरक्या निवृत्त बस कंडक्टर आहे. तो उचललेली प्रत्येक वस्तू मोजून तक्त्यात लिहितो आणि कुणी घोळक्याने उभं राहिलं की अजूनही "पुढे सरका" म्हणतो. काम झालं की पुलाच्या कठड्यावर बसून चहा होतो. थर्मास माझा असतो. "तुमच्या हातचा चहा म्हणजे काय" असं कुणीतरी म्हणतं, मी "उगाच काहीतरी" म्हणते. बाकीचे सहा दिवस मी मोठ्याने बोलते ती दुधाच्या पातेल्याशी. ते तरी वेळेवर उतू जाऊन उत्तर देतं.

घात असा झाला की काठ खरोखर स्वच्छ झाला. नोव्हेंबरात एका रविवारी अकरा जणांना मिळून अर्धं पोतंसुद्धा भरता आलं नाही. कंडक्टर म्हणाला, "जिंकलो आपण. आता महिन्यातून एकदा आलं तरी पुरे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन थर्मास धुतला आणि पालथा घालताना रडू आलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी शालीखाली दुधाच्या सात रिकाम्या पिशव्या नेल्या आणि कालव्याच्या वाटेवर झुडपांत टाकून आले.

बरोबर वाचलंस. तुझ्या शिस्तीच्या बहिणीने कचरा टाकला. रविवारी कंडक्टर सहज फेरी मारायला गेला, त्याला त्या दिसल्या, आणि दर रविवारचं पुन्हा चालू झालं. त्या दिवशी चहा ओतताना माझा हात हलका होता. मग दर शनिवारी जायला लागले. दहा शनिवार झाले.

पण सवय वाईट असते. आम्ही लोकांना शिकवतो की दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो बारीक तुकडा हरवतो आणि गुरांच्या नाहीतर माशांच्या पोटात जातो. पिशवी धुऊन, वाळवूनच द्या, असंही सांगतो. मी चोरून टाकायच्या पिशव्याही दोरीवर चिमटे लावून वाळवत होते. घाणेरडी पिशवी घराबाहेर टाकायला माझं मन धजेना. गेल्या महिन्यात कंडक्टरने एक पिशवी उजेडात धरली, वास घेतला आणि म्हणाला, "हा कचरा धुतलेला आहे. कोपराही तोडलेला नाही. टाकणारा आपल्याकडूनच शिकलाय."

पण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांनी पाहिलं वाटेवरच्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या टपरीकडे. तो गिऱ्हाइकांना चहा पाजतो, त्यामुळे त्याच्याकडे पिशव्या पुष्कळ. डिसेंबरात आम्हीच त्याला धुवायला शिकवलं होतं, टपरीला बांधलेल्या तारेवर त्या वाळत असतात. "मी कशाला टाकीन? मी तर भंगारवाल्याला देतो," तो म्हणाला. कुणी मानलं नाही. टपरी वाटेवरून हलवावी, असा अर्ज पालिकेला द्यायचं ठरलं, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून तो माझ्याकडून लिहून घेतला. मी लिहिला. समास सोडून, शुद्धलेखन तपासून. सोमवारी द्यायचा आहे.

आज बाजारातून येताना त्याने मला थांबवलं. हात ग्रीसने काळे, फडक्याला पुसत म्हणाला, "मावशी, तुम्हाला तरी वाटतं का, मी टाकलं असेन?"

मी म्हणाले, "जाऊ दे आता. झालं ते झालं."

हे शब्द मी याआधीही एकदा बोलले आहे. कुणाला, ते तुला ठाऊक आहे. आता पुढे लिहवत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपार

सांगून आले. चहा ओतायच्या आधीच सांगितलं, नाहीतर पुन्हा कच खाल्ली असती. म्हटलं, पिशव्या माझ्या आहेत, दहा आठवडे मीच टाकतेय, तुम्ही यायचं थांबू नये म्हणून. सायकलवाल्यालाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी आपापले हातमोजे काढून पोत्यात टाकले. कंडक्टरने तक्ता काढला, दहा आठवड्यांचे आकडे खोडले आणि हळूच म्हणाला, "महिन्यातून एकदाच ठेवू मग." सायकलवाला तेवढा माझ्याशी बोलला. "मावशी, बोलायला माणूस हवं होतं तर टपरीवर यायचं होतं. मी दिवसभर तिथंच असतो." मग तोही गेला. थर्मास भरलेलाच घरी आणला.

ठमे, एकदा तोंड उघडलंच आहे, तर ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. काल दोन पानं मी कचऱ्यावर घालवली, कारण हे लिहायचं टाळत होते.

आई पडली त्या सकाळी न्हाणीघर मी धुतलं होतं. तू दूध आणायला गेली होतीस. जाता जाता आईकडे डोकावले, फरशी कळकट दिसली, म्हणून साबणाने घासली. ऑफिसला उशीर होत होता. पाणी ओढून घेतलं नाही, आईला सांगितलं नाही, दार ओढून निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा सगळे तुला बोलत होते. घरात राहणारी तू, म्हणून निष्काळजीही तूच. आईसुद्धा तेच समजली. सात महिने ती अंथरुणावर होती. तू पाणी द्यायला गेलीस की तोंड फिरवायची, आणि मला गुणाची म्हणायची. ते ऐकायला मला आवडत होतं, ठमे. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. नंतर आई गेली, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही.

घर सोडून जायच्या दिवशी तू दारात विचारलंस, "ताई, तुला तरी वाटतं का, मी पाणी सांडलं?" मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे आता. झालं ते झालं." जे तू केलंच नव्हतंस त्याची मी तुला माफी दिली. त्याला आता बारा वर्षं झाली.

ये म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही. हे पत्र मामाला, काकूला, जे जे तुला बोलले त्या सगळ्यांना दाखव. आणखी कुणाकुणाला दाखवायचं, ते तूच ठरव. मी प्रत्येकाला वेगळं लिहायलाही तयार आहे.

आता कागद उलटून बघ. मागे तो अर्ज आहे, कच्चा नव्हे, पक्का. देणार होते तोच. माझं अक्षर किती सुबक आलंय बघ. खोटं लिहितानाही ते जरासुद्धा हललेलं नाही. या पत्रातलं मात्र जागोजागी हललंय, ते तू सांभाळून वाचशील.

खाली एक शब्द लिहायचा राहिलाय, तू मला हाक मारायचीस तो. तो मी लिहिणं बरोबर नाही. तुला लिहावासा वाटला, तर त्या जागी लिही आणि कागद परत पाठव. नाही वाटला, तर कागद टाकून दे, माझा नियम मोडला तरी चालेल.

तुझी,

. . . . . . . .