पेन्सिल धरणारा

रविवार, सकाळ

मेहुणेबुवा,

नमस्कार. त्याआधी ‘सप्रेम’ लिहायचं की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवीन.

कुर्र... कुर्र... टक्. हा आवाज आठवतो का तुला? तुला कशाला आठवेल! तू त्या वेळी बाहेरच्या खोलीत लोळत चहाची वाट बघत असायचास. आत तुझी ताई स्टुलावर बसून आपल्या मासे धरायच्या गळाच्या रिळावर नवी दोरी चढवायची. डाव्या चिमटीत ओलं फडकं, त्यातून दोरी ताणून घ्यायची आणि उजव्या हातानं रिळाची मूठ फिरवायची. समोर मी. दुकानातून आणलेल्या दोरीच्या चकतीत पेन्सिल घालून ती दोन्ही हातांनी धरायची, एवढीच माझी लायकी. हात रिकामे नसत, म्हणून मी शाळेतल्या कविता म्हणायचो. भुजंगप्रयात लागला की तिची मूठ त्या ठेक्यावर फिरायची. “जरा सावकाश म्हणा हो, दोरी चढते आहे, वरात नव्हे,” असं म्हणून हसायची.

आता तुझ्या पराक्रमाकडे वळतो.

“भावोजी, रीळ द्या, नवी दोरी घालून आणतो, मग तळ्यावर जाऊ,” असं म्हणून तू ते घेऊन गेलास आणि परवा शिट्टी वाजवत परत आणून टेकवलंस. अरे, ते भरलं आहेस की कोंबलं आहेस? दोरी काठाच्या वर आली आहे. मी नुसती दोरी अडवणारी तारेची कमान उघडली, तर वेटोळ्यांमागून वेटोळी उड्या मारत फरशीवर! ओलं फडकं लावलं नाहीस, ताण दिला नाहीस, चकतीही उलटी धरलीस. दोरीला असा पीळ पडलाय की टेबलाच्या पायालाच गळ लागायचा. ताईचं रीळ वृत्तात चालायचं. तुझं गद्यातसुद्धा चालत नाही. ज्या माणसाला साधा पडदा दांडीत ओवता येत नाही, त्यानं या वाटेला जावंच कशाला?

आणि तोंड वर करून विचारतोस, “कसं झालंय?”

तळ्यावर मी येणार नाही. तिथे तू मोबाइलवर मोठ्यानं बोलणार, मासे पळवून लावणार आणि दोष पाण्याला देणार.

खरं तर दोरी वाईट भरलीस याचं मला एवढं काही नाही. वाईट भरलेली दोरी काढता येते. पण जाता जाता तू सहज म्हणालास, “जुनी फेकून दिली, पार कुजली होती.” कुजली होती, मान्य. पिवळी पडली होती, चिमटीत धरून ओढली तर तुटायची. पण ती चढवली त्या दिवशी ताईला मधेच धाप लागली होती. उरलेली तिनं थांबत थांबत चढवली, मूठ मला दिली नाही. मी कविता म्हणणं बंद केलं, तर म्हणाली, “थांबू नका.” त्यानंतर ते रीळ मी कधी तळ्यावर नेलं नाही. वेटोळ्यांवरून बोट फिरवलं की तिचा हात कुठे थांबला होता ते कळायचं.

ती दोरी तू परत आणशील असं धरून मी रीळ दिलं, आणि तू ती फेकलीस. विचारलंसुद्धा नाहीस. तेव्हा यापुढे माझ्याकडे येऊ नकोस. रीळ कपाटात ठेवतो. तुझा भावोजी होतो तो तुझ्या ताईमुळे. आता ती नाही आणि तिची दोरीही नाही.

नुसता नमस्कार.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दार वाजलं. तुझी बायको. ताई गेल्यापासून वहिनींनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. हातात काचेची रिकामी बरणी, तिच्यावर पिवळी दोरी गुंडाळलेली, वेटोळ्याला वेटोळं लागून. म्हणाल्या, “यांनी टाकायला दिली होती, मी नाही टाकली. आणि भावोजी, ते रीळ मी भरलं होतं. ताई शिकवणार होत्या, ते राहूनच गेलं. यांनी नुसती पेन्सिल धरली होती, तीही टीव्ही बघत.”

म्हणजे ती चकती तरी तूच उलटी धरलीस.

फडकं भिजवून वहिनी स्टुलावर बसल्या आहेत आणि विचारताहेत, “पेन्सिल कुठे आहे?”

ती माझ्या हातात आहे. पत्र इथेच थांबवतो.