सोजरबाईंचे वावर आणि माझे मत

८ जानेवारी १९४५, सोमवार. केनवड.
अकोल्याच्या महिला मंडळातल्या बाईंचे पत्र आले. दिल्ली सरकारने हिंदू कायद्यासाठी कमिटी नेमली आहे. बापाच्या इस्टेटीत मुलीलाही वाटा द्यावा काय, यावर बायकांचे मत हवे. गावात मॅट्रिक झालेली बाई मी एकटी. तेव्हा मत मी लिहायचे, खाली सगळ्यांच्या सह्या-आंगठे घ्यायचे.
माझे शिक्षण सरकारी स्कॉलरशिपवर झाले. सरकारने माझ्यावर जो खर्च केला तो आता वसूल होणार. देवापुढे जादा वात लावली. (तेल महाग, म्हणून लवकर शांत केली.)
पहिले वाक्य सुचले: 'मुलगा आणि मुलगी देवाघरून सारखीच येतात.' झकास.

९ जानेवारी
कायदा झाला तर इंझोरीला माहेरच्या जमिनीत मला काय येईल, ते सहज मनात आणून पाहिले. अगदी सहज. विहिरीकडची बाजू मागावी. माझा भाऊ नानाजी समजूतदार आहे. त्याची बायको नाही, पण तिला कोण विचारतो?

११ जानेवारी, गुरुवार. उपास.
वाक्य सोजरबाईंना वाचून दाखवले. ह्यांची थोरली बहीण. नवऱ्याने दुसरी केली तेव्हापासून आमच्याकडेच, गोठ्याशेजारच्या खोलीत. शेण, पाणी, दळण त्या बघतात. हिशेब मी बघते. कामाची वाटणी सारखी आहे.
ऐकून म्हणाल्या, "मंग वैनी, नाल्याकाठचं वावर मायं होईन?"
उपासाने डोके दुखत होते. उत्तर राहिले.
मामाजींनी (माझ्या सासऱ्यांनी) जाताना सर्वांदेखत सांगितले होते, नाल्याकाठचे वावर सोजरच्या चोळीबांगडीसाठी. आमच्याकडे लेकीला असे शेताचे तुकडे देतात, तोंडी. कागदावर काही नसते. त्या वावरातला कापूस आमच्याच कापसात जातो आणि दिवाळीला मी त्यांना चोळी अन् बांगड्या घेते. म्हणजे मामाजींचा शब्द अक्षरशः पाळला आहे.
(गेल्या वर्षी बांगड्या राहिल्या. लढाईमुळे.)

१३ जानेवारी
जेवताना हे म्हणाले, कायदा येऊन राह्यला म्हणतात, तो यायच्या आधी नाल्याकाठचं वावर आपल्या नावावर लावून घेऊ. मामाजी गेल्यापासून फेरफार तसाच पडला आहे. पटवारी रामसिंग येईल, पंचांसमोर अक्काले इचारन, काही उजर (हरकत) हाये का. ती नाही म्हणाली की झालं.
मी स्पष्ट सांगितले की हा अन्याय आहे. मनात. मोठ्याने विचारले, "भाकर वाढू का?"
निश्चय: उद्या ह्यांच्याशी बोलायचेच. संक्रांत आहे. चांगला दिवस.

१४ जानेवारी. संक्रांत.
आजच्या दिवशी गोड बोलतात. विषय कडू होता. उद्या.

१५ जानेवारी. किंक्रांत.
अशुभ दिवस. आज जमिनीचा विषय काढणे शास्त्राला धरून नाही.

१८ जानेवारी, गुरुवार
आमच्याकडे हळदीकुंकू. संधी साधून मत वाचून दाखवले. आवाज चांगला लागला. 'ज्या लेकीने बापाचे अंगण सारवले' या ठिकाणी दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला.
मग शेजारच्या गोमतीबाईंनी विचारले, "म्हंजे मले माया भावाकडून भेटन?"
होय म्हटले.
"मंग मायी नणंद मायाकडून घेईन?"
होय म्हणावे लागले.
"असं आहे बाई तुयं! माया भावाकडचं असन त दोन आंगठे घे. नणंदेले द्याचं असन त एक बी नाही."
सगळ्या हसल्या. शाईची डबी फिरवली ती जशीच्या तशी परत आली. बांगड्या भरायला आलेली सुगराबी कोपऱ्यातून म्हणाली, "आमच्यात त बेटीचा हिस्सा पयलेपासून लिवून हाये बाई. मागून पाहा पन. हिस्सा आला की भाऊ गेला." मी म्हटले, हा शिक्षणाचा अभाव.
सोजरबाई या वेळी आत तीळ पाखडत होत्या. त्यांना बाहेर बोलावणार होते. पण मग तीळ कोणी पाखडले असते? आणि गोमतीबाईंचे बोलणे ऐकून त्यांना उगाच वाईट वाटले असते. त्यांच्याच भल्यासाठी.
निदान कुंकू लावून घ्यायला तरी बोलवायला हवे होते. हे आत्ता लिहिताना सुचले.

१९ जानेवारी
बायकांच्या सोयीसाठी मतात किरकोळ दुरुस्ती केली. 'मुलीस वाटा मिळावा. मात्र जी माहेरी राहते व जिचे पोट माहेरच भरते, तिने वेगळा मागू नये.' वाचून पाहिले. गावात अशी बाई एकच आहे. खोडले. शाई वाया गेली, कागदही खराब.
पोथीत लक्ष लागले नाही. चष्मा बदलायला हवा.

२१ जानेवारी, रविवार
पटवारी उद्या येणार. पॉइंट तयार केले: एक, मामाजींचा शब्द. दोन, सोजरबाईंचे कष्ट. तीन, स्त्रीचा न्याय्य हक्क. पंचांसमोर शांतपणे बोलायचे. हे रागावतील, रागावू देत. देव पाठीशी आहे.
सोजरबाईंना तसे सांगूनही टाकले, "बाई, उद्या मी बोलणार आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि रात्रीची भांडी माझ्या हातून काढून घेतली. फार बरे वाटले. तेव्हाच आपण अर्धे काम केले, असे वाटून गेले.

२२ जानेवारी, सोमवार
पटवारी आला. ओट्यावर बसला. पंच आले. सोजरबाई शेणाचे हात धुऊन दाराशी उभ्या.
पटवारी म्हणाला, "वावर भावाच्या नावावर लावून राह्यलो, सोजरबाई. काही उजर?"
त्या म्हणाल्या, "मी अडानी. वैनी शिकेल हाये. लेकीले वाटा पायजे, म्हून तिनंच लिवलं. वैनी सांगन तसं."
सगळे माझ्याकडे पाहू लागले. हेही. पॉइंट तोंडपाठ होते. मी तोंड उघडले आणि म्हटले, "चहा टाकते."
आत गेले. चुलीपाशी उभी राहून मनात सबंध भाषण केले. फार परिणामकारक झाले. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा पटवारी दप्तर बांधत होता. 'उजर नाही' असे लिहून झाले होते. सोजरबाई आतल्या दाराकडे बघत उभ्या होत्या म्हणे, मग गोठ्यात गेल्या.
चहात साखर दोनदा पडली. रेशनची साखर. पंचांनी तारीफ केली.
चहा टाकायला इतका वेळ लागायला नको होता. लाकडे ओली होती.
लाकडे ओली नव्हती.

२३ जानेवारी
मताखाली माझी एकटीचीच सही. निदान सोजरबाईंचा आंगठा तरी असावा, त्यांनाही मान वाटेल, म्हणून कागद आणि शाई घेऊन गोठ्यात गेले. त्या गोवऱ्या थापत होत्या. सबंध मत पहिल्यापासून वाचून दाखवले. अंगणाचे वाक्यसुद्धा.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. म्हणाल्या, "साजरं लिवलं."
मी डबी पुढे केली.
"वावर गेलं, वैनी. आंगठा त मायाजवळ राहू दे," असे म्हणून हसल्या आणि पुढची गोवरी थापली.
एका सहीने गावाचे मत होत नाही. लखोटा पाठवला नाही. तिकीट वाफेवर धरून सोडवून ठेवले.
मत मात्र माझे अजून तेच आहे.