दाराशी पालथा हंडा

मी, ओडेसा टॉलबर्ट, वय एकाहत्तर, कै. एझेल टॉलबर्ट यांची पत्नी, राहणार कॅल्डर हिल, अलाबामा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते; माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मात्र तो डॉक्टर कोणाचा माणूस, हे मला ठाऊक नाही.

१. राहतं घर मुलगी व्हर्लीन हिला. चर्चला नाही. तिथले सेवक, डीकन लूशियस क्रेनशॉ, दर रविवारी पीचचा मुरंबा घेऊन येतात आणि छताकडे बघत म्हणतात, "ओडेसाताई, घर देवाच्या कामी यावं." देवानं अजून माझ्याकडे मागितलेलं नाही. व्हर्लीनची शाळेतली नोकरी 'बाप कम्युनिस्ट' म्हणून गेली. कसला डोंबलाचा कम्युनिस्ट! त्यानं खाणीत काळ्यांनाही थंड पाण्याचा नळ मागितला होता. काळा माणूस स्वतःच्या बुद्धीनं काही मागतो, हे आमच्या सरकारला पटतच नाही. मागे रशियाच हवा. त्या नळापायी पोरीचं आयुष्य नासलं. निदान घर तरी तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये.

२. एझेलचा खाणीतला दिवा जावयाला. जावई फोनवर फार बोलतात. आमच्या फोनमध्ये कोणी ऐकत असल्यासारखं अजून खट् वाजतं, एवढं त्यांना सांगा.

३. कपडे उकळायचा लोखंडी हंडा. घरी युनियनची बैठक असली की आजीनं शिकवल्याप्रमाणे मी तो दाराशी पालथा घालायची. आतला आवाज त्यात अडकतो, बाहेर जात नाही. शेवटच्या बैठकीत एझेल म्हणाला, "म्हणे मला रशियानं पाठवलंय! अरे, मला बायको बाजारालासुद्धा एकट्याला पाठवत नाही!" सगळे पोट धरून हसले. आठवड्याच्या आत पोलीस आले. अधिकाऱ्यानं दारातच विचारलं, "काय रे, बायको बाजारालासुद्धा पाठवत नाही म्हणे?"

एझेल तुरुंगातच वारला. बैठकीतल्या बाकीच्यांची खाणीतली कामं सुटली, एकट्या लूशियसभाऊंचं राहिलं. मी आरोप करत नाही, फक्त लिहून ठेवते.

हंडाही व्हर्लीनला. पोरी, त्यात कपडे उकळ. गुपित बोलायचं असलं तर आत कोण बसलंय ते आधी बघ.

हे सगळं साक्षीदारांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. दार उघडं होतं, हंडा सरळ होता.

कॅल्डर हिल, १४ मार्च १९७३
(सही) ओडेसा टॉलबर्ट

साक्षीदार :
१. ओपल ग्रेसन, शेजारीण (सही)
२. लूशियस क्रेनशॉ, डीकन. "ताई, मला नीट ऐकू आलं नाही," म्हणाले आणि सही न करता गेले.
त्यांच्या जागी : विलिस बोग्ज, टपालवाला. हा फाटकाबाहेर उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं. (सही)