जावईबापूंच्या चिपची तारीख

मंगळवार, १७ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. बरी म्हणजे आपली उभी आहे. आईने काल काही घेतलं का? निदान अर्धी वाटी दूध? तुझी बायको म्हणाली, तू माझ्याशी बोलणार नाहीस. नको बोलूस. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. आमच्या कचेरीतली एक बाई उद्या दुपारच्या विमानाने तिकडे येतेय, ती हे पाकीट तुझ्याच हातात देईल. आत तीन कागद आहेत, ते सांभाळ.

आधी आई तुझ्याकडे परदेशी गेली, मग जावईबापू. इथे घर अगदी रिकामं वाटतं. जावईबापूंची गोधडी अजून दारापाशीच आहे. कुत्र्याला जावई म्हणायची आईची ती जुनी खोड, पण खरंच सांग, तीनदा 'घ्या ना' म्हटल्याशिवाय ताटलीला तोंड लावलंय का त्याने बारा वर्षांत? आता तिकडच्या विमानतळावर अडकवून ठेवलेल्या पिंजऱ्यात त्याला कोण आग्रह करणार, आणि कोणत्या भाषेत?

विषय टाळतेय मी. तुला कळलंच असेल.

आठ दिवस मी एकच घोकतेय की जनावरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दाखल्यावर तारखेचा घोळ घातला. तूही त्यांना फोनवर नाही नाही ते बोललास. धाकट्या, डॉक्टरांनी कसलाही घोळ घातलेला नाही. तो दाखला मी लिहिलाय.

बावीस वर्षं मी विमानतळावरच्या त्या खिडकीत बसून लोकांना एकच गोष्ट सांगत आलेय: आधी कातडीखाली ओळख-नंबराची चिप, मग रेबीजची लस, मग एकवीस दिवस थांबा, मग विमान. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, कारण ती नेमकी कुठल्या कुत्र्याला दिली याचा पुरावा नसतो. एका माणसाच्या मांजरीचे कान पिंजऱ्याच्या छताला टेकत होते, म्हणून मी त्याला परत पाठवलं. तो हात जोडत होता आणि मी पट्टी दाखवत होते. आणि घरच्या कुत्र्याला? दरवर्षीसारखी आठ जानेवारीला लस दिली, चिपचं डोक्यातच आलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

चूक लक्षात आली तेव्हा तीन मार्चला चिप बसवली आणि चारला नवी लस दिली. म्हणजे पंचवीसपर्यंत थांबायचं होतं. फक्त तेवढंच. पण सहा तारखेला तुझा फोन आला की आईने अन्न सोडलंय, डोळे मिटून नुसती जावयाला हाका मारते. तू म्हणालास, "ताई, कुत्रा आण, नाहीतर तू ये शेवटचं भेटायला." माझा धीर सुटला.

डॉक्टर दवाखाना लवकर बंद करतात, आणि लोक ऐन वेळी धावत येतात. म्हणून सही-शिक्क्याचे चार-सहा कोरे दाखले ते माझ्या खणात ठेवतात. विश्वासावर. आजवर त्यांना विचारल्याशिवाय मी एकही वापरला नव्हता. सहा तारखेला वापरला. चिप बसवल्याची तारीख घातली पाच जानेवारी. नऊला त्याला विमानात चढवलं, आणि पिंजऱ्यावरचं 'जिवंत प्राणी' असं हिरवं लेबलही मीच चिकटवलं.

तुमच्या विमानतळावरच्या तपासनिसांनी चिपचा नंबर कंपनीला कळवला. ती चिप कारखान्यातून निघालीच होती फेब्रुवारीत. माझ्या कागदावर ती जानेवारीतच कुत्र्याच्या मानेत बसलेली. एवढा साधा विचार मला सुचला नाही.

आज इथे डॉक्टरांची चौकशी झाली. मी त्याच खोलीत होते. दाखला त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा माझं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं.  आणि आमच्या साहेबांना म्हणाले, "तारीख माझीच चुकली असेल. वय झालं आता." मी गप्प बसले. अगं ताई तूच का ती, असं वाटेल तुला. होय, मीच. बाहेर जिन्यात त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "जावई जेवतो का तिकडे?"

मी परत खिडकीत आले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

आता नीट ऐक. शुक्रवारी पाचपर्यंत खरे कागद मिळाले नाहीत, तर जावयाला परत पाठवतील किंवा सुई देऊन संपवतील. या वयात दुसरा प्रवास त्याला झेपायचा नाही, म्हणजे दोन्हीचा अर्थ एकच. पाकिटात तीन मार्चचा चिपचा खरा दाखला आहे, चार मार्चच्या लसीचा कागद आहे, आणि खोटी तारीख मीच लिहिली, डॉक्टरांना आणि तुला काही माहीत नव्हतं, असा माझ्या सहीचा जबाब आहे. तिन्ही कागद तपासनिसांना एकत्र दे. खरी तारीख मिळाली तर दिवस भरेपर्यंत कोंडून ठेवू आणि मग सोडू, असं ते तुला म्हणाले होते ना? मग पाया पड, भांड, काहीही कर, पण शुक्रवारच्या आत दे.

जमलं तर आईलाही ने. जाळीबाहेरून का होईना, तिने तीनदा 'घ्या ना' म्हणावं. तो खाईल. तो खाल्लेला दिसला तर तीही खाईल.

जबाबाची दुसरी प्रत उद्या सकाळी दहाला मी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. तिथून आधी डॉक्टरांकडे जाईन. नोकरी जाईल, पुढे आणखी काय होईल ते माहीत नाही. आईला यातलं काही सांगू नकोस. ताईला सुट्टी मिळत नाही, एवढंच सांग.

तुझी ताई,
जिवंत प्राणी खिडकी,
उद्या दहापर्यंत