उजव्या हाताचा निकाल

मियागाओ, फिएस्टाच्या जत्रेला दोन महिने असताना, मंगळवार

प्रिय मनांग रेमेडियोस,

तू थोरली, म्हणून आधी तुझा हात कपाळाला लावते आणि मग बाकीचं बोलते. तू ओसाकात असल्यामुळे तुझं मागचं पत्रच कपाळाला लावलं. आता त्याला खोबरेल तेलाचा वास येतो. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीकडचा जिना अजून बसत बसत चढतेस का? इकडे आम्ही सगळे खुशाल, फक्त माझी उजवी बाजू संपावर गेली आहे. जीभ तेवढी कामावर परत आली, तेव्हा मी सांगते आहे आणि आमचे हे, तेबान, लिहीत आहेत. (मी फक्त लिहिणार, मध्ये बोलणार नाही असं कबूल केलं आहे. — तेबान)

झालं असं, की शेजारच्या नेनिताच्या लेकीचं लग्न ठरलं आणि झगा अर्थातच माझ्याकडे आला. अननसाच्या धाग्याचं कापड, नेनिताने तीन वर्षं कपाटात जपलेलं. खडूच्या खुणा करून झाल्या, कात्री उचलली, तर ती पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी तिला शिव्या घातल्या, पण त्या तोंडातून वाकड्या बाहेर आल्या, आणि तेबान ताटावरून उठले. समोरचा भात टाकून हा माणूस जन्मात उठलेला नाही (भूकंपातही ताट घेऊनच बाहेर आले होते), त्यावरून मला दुखण्याचा अंदाज आला. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी.

तर मनांग, हल्ली हाताचा निकाल तिसऱ्याच दिवशी लावतात. खांदा बाजूला किती उचलतो आणि बोटं किती उघडतात, एवढंच पाहायचं. दोन्हींना पाच-पाच मार्क, आणि त्या बेरजेवरून तीन महिन्यांनी हात कोणत्या लायकीचा असेल ते सांगतात. शाळेत मला नापास करायला निदान वर्ष तरी घेत. परीक्षक कोण, तर आपला अन्सेल्मो, माझा धर्मपुत्र, ज्याच्या बाप्तिस्म्याचं अंगडं मीच शिवलं होतं आणि त्याने ते तिथल्या तिथे ओलं केलं होतं. आता मोठा डॉक्टर झाला आहे. आत आला तोच वाकला आणि माझा उजवा हात उचलून कपाळाला लावला. धर्ममातेला भेटल्यावर दुसरं करणार काय? हात तसाच कपाळाशी धरून म्हणाला, “निनांग, आता हात उचला बघू.” हात तर वरच होता. पलंगाभोवती आपले सगळे नातेवाईक उभे; ते एका सुरात म्हणाले, “उचलला, उचलला.” त्यांचीही चूक नाही. सकाळपासून प्रत्येकाने तो हात कपाळाला लावला होता आणि प्रत्येकासाठी तो वर गेला होता. मग अन्सेल्मोने हात सोडला, तो गादीवर धपकन पडला, तर म्हणाला, निनांग दमल्या. बोटं त्याने स्वतःच्या बोटांनी उघडली आणि उघडली म्हणून त्याला आनंद झाला. दहापैकी आठ मार्क दिले. (सात. — तेबान) मी आठ ऐकले. रविवारी चर्चमध्येही आठच सांगितले गेले.

दुसऱ्या दिवशी मनिलाची एक फिजिओ आली, मिस गालवेझ. पोरगी चिवट, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. या गावात तिचं कुणी लागत नाही, त्यामुळे तिने कुणाचाच हात कपाळाला लावला नाही, स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, “उचला.” एवढा उद्धटपणा मी आपल्या घरात चालू दिला नसता, पण दवाखाना तिचा होता. खांदा जरा हलला. बोटांचा बहुतेक डोळा लागला होता. ती तेबानना बाहेर घेऊन गेली. ते परत आले ते सगळे दात दाखवत (मोजून सात उरले आहेत) आणि म्हणाले, “तीही तेच म्हणते, पुरिंग. आठ.” (सात. — तेबान)

तेव्हापासून घरात मालिशवाल्याचं तेल, माझ्या हाताला गाणी आणि नेनिताने आणलेला केळीच्या पानातला चिकट भात, असं चाललं आहे. नेनिता रोज येते, टेबलावरच्या कापडाकडे बघते, मग माझ्या हाताकडे बघते आणि म्हणते, “लग्नापर्यंत येतो बघ.” तिला हात हवा आहे की झगा, ते गावच्या सांतो तोमासलाच ठाऊक. पण तू फिएस्टाला येशील तोवर मी कात्री धरलेली असेन. आठ मार्कांचा हात आहे, काळजी करू नकोस.

तुझी धाकटी,
पुरिंग

ता. क. मनांग, मी तेबान. पुरिंगला डुलकी लागली आहे म्हणून लिहितो. मार्क आठ नव्हते आणि सातही नव्हते. फिजिओबाईंनी दोन दिले, तेही खांद्याचे. हात आधाराला येईल म्हणाल्या, पण बोटं कात्रीपुरती उघडतील असं दिसत नाही. असे अंदाज कधीकधी चुकतात, असंही म्हणाल्या; मी त्या कधीकधीला धरून बसलो आहे. तरी तुमच्याकडे डावऱ्यांची कात्री मिळते असं ऐकतो. आपली कात्री डाव्या हातात कापड कापत नाही, चावते. तेवढी एक आणा. पुरिंगला यातलं काही कळू देऊ नका. दुकानदाराने चुकून दिली म्हणा.

ता. क. दुसरा. हे कोंबडीचे पाय माझ्या डाव्या हाताचे. तेबान पाकिटासाठी गोंद आणायला गेले आणि पत्र इथेच ठेवून गेले. खोटं बोलायचं तर माणसाने गोंद आधी आणावा. दोन मार्क मला त्याच दिवशी कळले, मीच त्या पोरीला विचारलं. रडले, मनांग. मग विचारलं, उजवा हात कापड दाबून धरेल का? म्हणाली, तेवढं धरेल. तेवढं पुरे. पण तेबान रोज सकाळी माझं एकेक बोट उघडतात आणि त्याच्याशी बोलत बसतात. त्यांना मी काय सांगू? नेनिताला खरं सांगितलं आहे. ती म्हणाली, वाकडा कापलास तरी तूच काप. कात्री मोठी आण. दुकानदाराने चुकून दिली असंच म्हण, मी चकित होईन. आणि दोघांनी मागितली म्हणून दोन आणू नकोस. डावा हात एकच आहे.