सज्ज्यातल्या बाईची सात वर्षं

लिमा, १४ ऑक्टोबर

तीर्थरूप हेर्मेलिंदाताईस,

फोर्तुनातोचा नमस्कार. पुरता वाकून करायचा होता, पण डावा गुडघा ऐकत नाही. तेव्हा अर्धा आत्ता मानून घे, उरलेला सूज उतरली की पाठवीन. तुझा रक्तदाब, तुझी मांजर आणि तुझ्या अरेकिपाचा ज्वालामुखी असे तिघंही शांत असतील अशी आशा करतो. मी इकडे सुखरूप आहे, म्हणजे लिमात माणूस जितका सुखरूप राहू शकतो तितका. पाच महिने सूर्य पाहिलेला नाही, धुतलेले मोजे गुरुवारी वाळत घातले की पुढच्या गुरुवारीही ओलेच असतात, आणि गेल्या मंगळवारी मी इतिहासात नापास झालो.

हो, मीच. एकतीस वर्षं ज्यानं लोकांच्या पोरांना इतिहासात नापास केलं, तो मी. झालं असं, की जुन्या शहरात लोकांना पायी फिरवणाऱ्या सगळ्या गाईडांनी नव्यानं परीक्षा द्यावी, नाहीतर परवाना परत करावा, असं फर्मान निघालं. वीस वर्षं दर शनिवार-रविवार मी लोकांना चौकातल्या कारंज्यापासून नदीवरच्या दगडी पुलापर्यंत चालवतो आहे. (पुलाच्या चुन्यात अंड्यांचा पांढरा बलक घातला होता, हे ऐकलं की लोकांना हटकून भूक लागते आणि निम्मा घोळका तिथंच गळतो.) मला कोण नापास करणार, अशा गुर्मीत मी पेन्सिलीला टोकसुद्धा न करता गेलो. एकोणीस प्रश्न बरोबर आले. अडलो तो चौदाव्या प्रश्नाला: ‘प्रतीक्षेच्या गल्लीतील सज्ज्यात लेओकादियाबाई आपल्या कप्तानाची वाट पाहत किती वर्षं बसल्या होत्या? अ) तीन, आ) सात, इ) दहा.’

ताई, ही गल्ली म्हणजे आपली मेणबत्तीवाल्यांची गल्ली. सज्जा म्हणजे आपण भाड्यानं राहत होतो त्या माडीचा लाकडी, जाळीचा सज्जा. आणि लेओकादियाबाई नावाची बाई जन्मालाच आलेली नाही. ती मी केली. अठरा वर्षांपूर्वी त्रुहीयोहून आलेल्या मास्तरणींचा एक घोळका माझ्या सनावळीला कंटाळून त्या सज्ज्याखाली अक्षरशः पेंगायला लागला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, की इथं एक उमराव घराण्यातली बाई सात वर्षं बसून होती. (सातच का? आकड्याला शोभा येते म्हणून.) मास्तरणी खडबडून जाग्या झाल्या. पुढच्या रविवारी मी तिला एक कंदील दिला, त्याच्या पुढच्या रविवारी एक पोपट. वर्षभरात बाकीचे गाईडही तिची गोष्ट सांगायला लागले. एकानं तर पोपटाला कप्तानाचं नाव घ्यायला शिकवलं. या वर्षी कोपऱ्यावर निळ्या अक्षरांची चिनीमातीची पाटी लागली, आणि मेणबत्तीवाले बिचारे कायमचे विझले.

मी पेपरात तिन्ही पर्याय खोडले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘कोणीही नाही. ही गोष्ट मी रचली. खात्रीसाठी समक्ष भेटावे.’ तर चौदावा प्रश्न ‘स्थानिक वारशाबद्दल आदर’ या सदरातला एकुलता एक निघाला. त्या सदरात शून्य म्हणजे अख्ख्या पेपरात शून्य.

मी तसाच कार्यालयात गेलो. टेबलामागे कोण बसलेली असावी? यूलिसा हुआरांगा, जिला मी स्वतः दोनदा इतिहासात नापास केलं होतं. आता ती वारशाची कसलीशी अधिकारी आहे आणि रविवारी जांभळी छत्री उंच धरून पन्नास-पन्नास माणसं फिरवते. सूड घेत असती तर मला परवडलं असतं, पण ती चांगली वागली. बसायला खुर्ची दिली, जवसाचा गरम काढा मागवला. मी पुरावा मागितला, तर एक जाडजूड पुस्तिका पुढ्यात ठेवली. लेओकादियाबाईंवर चार पानं होती, आणि शेवटी बारीक टाइपात आधार दिला होता: ज्येष्ठ गाईड श्री. फोर्तुनातो साल्दीवार यांचे निवेदन. मी म्हटलं, हा साल्दीवार थापाड्या आहे, मी त्याला जवळून ओळखतो. तिनं हसण्यावारी नेलं नाही.

‘‘सर, शाळेच्या सहलीत तुम्ही आम्हाला ही गोष्ट सांगितलीत तेव्हा मी रांगेत सगळ्यात मागे उभी होते,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेत तुमचं एवढंच माझ्या लक्षात राहिलं. तेही खोटं होतं म्हणता?’’

ज्या शहरानं ऐंशीहून जास्त वर्षं भलत्याच माणसाचा सांगाडा काचेच्या पेटीत ठेवून हाच आमचा संस्थापक म्हणून टोप्या काढल्या, तिथं माझ्या एका लाकडी सज्ज्याची काय कथा! (तो सांगाडा खोटा निघाला तेव्हा निदान कुणाचा परवाना गेला नव्हता.) या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पुन्हा तोच पेपर आहे, ‘आ’वर खूण करा आणि सुटा, असं तिनं मला समजावलं. नाहीतर चौकात तोंड उघडायची मला बंदी. ताई, थट्टा करतोय खरी, पण हे मला सोसणार नाही. माझी भाड्याची खोली तू पाहिली आहेस. तिथं माझ्याशी बोलायला फक्त नळ आहे. त्या चार गल्ल्यांतून चालत बोलायचं, एवढंच आता माझं म्हणून उरलंय.

अंगातला कली जाईना म्हणून परवा रविवारी साधा माणूस बनून यूलिसाच्याच रांगेत शिरलो, मफलर नाकापर्यंत ओढून. स्टेशनपाशी ती एक साल चुकली, मी गिळलं. कारंज्यापाशी दुसरं चुकली, मी खोकलो. ऑक्टोबर, म्हणजे जांभळ्या झग्यांच्या मिरवणुकीचा महिना, म्हणून यूलिसा सगळ्यांना ती सणाची रंगीत गोळ्यांची मधाची मिठाई वाटत होती. मी दातांचं निमित्त सांगून नाही म्हटलं. (मी ती खात नाही, हे तुला ठाऊक आहे.) मग आपल्या गल्लीत आलो, तर आता माडीवरही जाता येतं. पन्नास वर्षांनी तो जिना चढलो. सज्ज्याच्या जाळीला शेकडो जांभळ्या फिती बांधलेल्या, प्रत्येकीवर एकेक नाव. ज्याची वाट पाहायची त्याचं नाव लिहून बायका बांधतात म्हणे. मला राहवलं नाही. मफलर खाली ओढून मी जाहीर केलं, की ही शुद्ध थाप आहे, इथं कोणी बसलं नव्हतं. पन्नास माणसांनी मला गप्प केलं. एकानं माझी कीव येऊन मला पाणी दिलं.

एक आयाकुचोकडची म्हातारी फीत बांधत होती. तिचा मुलगा चौऱ्याऐंशी साली शिपायांनी घरातून नेला, तो अजून परतलेला नाही. ती माझ्याकडे वळून बघेना. कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, ‘‘नव्हतं म्हणतोस, तर हे लाकूड आतल्या बाजूनं झिजवलं कोणी, बाबा? कोपरं टेकल्याशिवाय असं होत नाही.’’

मी पाहिलं. दोन खळगे होते, शेजारी शेजारी. मी जिना उतरलो, आणि गुडघा सुजला तो तेव्हाच.

असो. तब्येतीला जप. मांजरीला जास्त मासे घालू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
फोर्तुनातो

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तू वकिलासमोर एक कागद करून पाठवशील का, की त्या सज्ज्यात बसायचीस ती तू, हेर्मेलिंदा साल्दीवार, वय त्या वेळी बावीस; वाट पाहायचीस ती स्टेशनातल्या वेन्सेस्लाओ कारकुनाची, ज्यानं तुला हुआंकायोला न्यायचं कबूल केलं होतं; आणि तो आला नाही? हा कागद दाखवला की यूलिसाला पाटी बदलावी लागेल, आणि माझं उत्तर मान्य करावं लागेल. तुझं दुःख अठरा वर्षं पोपटासकट विकलं, याबद्दल चार शिव्या त्याच पाकिटात घाल.

ता. ता. क. कागद करू नकोस. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं होईल. तो आला होता. मिरवणुकीच्या दिवशी आई तुला जांभळा झगा घालून बळंच घेऊन गेली, आणि मी गालगुंडांनी घरी पडलो होतो, आठवतं? तो टोपी हातात धरून दारात उभा राहिला. मी सांगितलं, ताई लग्न होऊन अरेकिपाला गेली. (का अरेकिपा, देव जाणे. जिभेवर आलं.) तू गेलीस की आईच्या तावडीत मी एकटा सापडणार, एवढंच त्या पंधरा वर्षांच्या डोक्यात होतं. तो तुझ्यासाठी आणलेला मिठाईचा डबा माझ्या हातात देऊन गेला. तुम्ही परत यायच्या आत मी तो सगळा खाल्ला, सुजलेल्या तोंडानं, रडत. शर्टाला रंगीत गोळ्या चिकटल्या होत्या. आईनं विचारलं तेव्हा मी शेजारणीचं नाव सांगितलं, आणि तू तो शर्ट धुतलास.

ता. ता. ता. क. शेवटच्या गुरुवारी पेपर आहे. आपण ते घर सोडलं तोवर तू दोन वर्षं तिथं बसलीस, ते मी पाहिलं. लग्न केलंस ते अडतिसाव्या वर्षी. मधलं मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलं नाही. आता विचारतो. अ) तीन, आ) सात, इ) दहा. यातलं एकही नसेल तर खरा आकडा कळव. मी तोच लिहीन.