गच्चीवरची गंगी

प्रिय प्रणोती,

तुला खूप खूप आशीर्वाद. इथं मदन महलला सगळं बरं आहे, माझे गुडघे सोडून. परीक्षा होईपर्यंत तुझ्या आईनं टॅब माझ्याकडे ठेवला, आणि तू जाताना कानात सांगून गेलीस, आजी, माझ्या ठोकळ्यांच्या गेममधली जनावरं सांभाळ. तर बाई, सांभाळून राहिली मी. रोज दुपारी जेवण झालं की चष्मा लावून बसते. शेजारची मनीषा म्हणते, काकी, आपको तो लत लग गई. लागली तर लागली! या वयात दुसरं काय लागणार आहे?

चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, पण उंचावरून पडलं तर कोण वाचतं, हे आता मला विचार. कोंबडी कुठूनही सोडा, पंख फडफडवत अशी उतरते जशी विहीणबाई मांडवात येते. मांजर गच्चीवरून पडली आणि काही झालंच नाही असं तोंड करून बसली. आपल्याला तीन ठोकळ्यांपर्यंत काही होत नाही, चौथ्याला जिवाचा अर्धा बदाम जातो. खाली पाणी असलं तर तेही नाही. मी आठ वेळा उडी मारून पाहिली, मजा येते गं!

आता एक विचारते, रागावू नको. चौदा ठोकळे उंच गच्चीवर गायी काहून ठेवल्या तू? गेममध्ये रात्री निघणाऱ्या भुतांच्या भीतीनं? अगं, माझ्या माहेरी आर्वीला कुणी गाय गच्चीवर चढवली असती तर गाव हसलं असतं. म्हटलं, चलो, यांना खाली गवतात आणू. हातात गहू धरला, तिघी मागं आल्या. गंगी कडेला गेली, तिला वळवायला मी पुढं झाले, माझाच धक्का लागला. गंगी खाली गेली ती गेलीच. तिथं काय उरलं ते मी पाहिलं नाही, टॅब उशीखाली घातला.

माझ्या हातून गाय गेली बाप्पा! सोमवारी उपास केला, ग्वारीघाटाला जाऊन नर्मदामाईत डुबकी मारली, तिथल्या एका खऱ्या गाईला चारा घातला. मनीषा हसून हसून खाली बसली, काकी, गेम है! असू दे. धक्का तर माझाच होता ना.

मग माहेरचं आठवलं. आम्ही पोरी माळ्यावरून कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगात उड्या मारत होतो, एकीचं हाड मोडलं नाही. गच्चीखाली गवताच्या पेंढ्या रचल्या आणि दोघींना एकेक करून सोडलं. थोडं लागलं, पण जगल्या! नंतर दोघींना गहू चारला, बदाम उडाले आणि मधोमध इवलंसं वासरू! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं ते मोठंही झालं. आता परत तीन गायी, सगळ्या एकसारख्या. मनीषा म्हणते, बताना मत, किसको पता चलेगा?

तिथंच मी टॅब बाजूला ठेवला. तुझा बाबा आठ वर्षांचा होता तेव्हा आपल्याकडे राघू होता. रोज सकाळी ‘केतन, ऊठ’ म्हणायचा. एक दिवस त्याचं बोलणंच बंद झालं. तुझा बाबा कितीतरी दिवस पिंजऱ्यापुढे बसून विचारायचा, राघू, माझ्यावर रागावला काय रे? मी पोळ्या लाटत ऐकत राहायची.

तुला माझं अक्षर लागत नाही, ठाऊक आहे मला. माझी पत्रं तुला बाबाच वाचून दाखवतो. म्हणून तर फोन न करता लिहायला बसले. केतन, थांबू नको बाळा, पुढं वाच. तू शाळेत असताना मी स्टुलावर चढून पिंजरा पुसत होते, तो कडीतून सुटला आणि राघूसकट खाली पडला, राघू गेला. संध्याकाळी तुझ्या बाबांनी फॅक्टरीतून येताना सायकलवर दुसरा पोपट आणला, तसाच, लाल कंठाचा. राघू तुझ्यावर कधीच रागावला नव्हता रे. त्या दुसऱ्याला तुझं नावच माहीत नव्हतं.

तुझीच आजी,
आणि केतन, तुझी आई,
इंदिरा